आत ओढा, धरून ठेवा

“आत ओढा... धरून ठेवा... आता हळूच सोडा,” मोबाईलमधली बाई म्हणाली.

दीना डाव्या कुशीवर पडली होती. तिने आत ओढलं, धरलं, सोडलं. की नुसतंच तसं वाटलं, कोण जाणे. पोटाच्या खाली काय हलतं आणि काय नाही, हे तिला हल्ली कळेनासं झालं होतं. सातवा महिना चालू होता. मागच्या रविवारी चर्चमध्ये भर उपासनेत तिला शिंक आली आणि साडी ओली झाली. डॉक्टरबाईंनी मग तिच्या मोबाईलवर हे व्यायामाचं ॲप टाकून दिलं. वेळ झाली की बाई बोलायची आणि दीना ऐकायची, औषध घ्यावं तशी.

दाराशी पाटावर सासू मेथी निवडत बसली होती. दीनाला आई नव्हती, म्हणून बाळंतपणासाठी कडूबाई गावाकडून, खर्ड्याहून, शहरात सावेडीच्या या फ्लॅटमध्ये राहायला आली होती. बसायची ती नेहमी एका मांडीवर भार देऊन, कललेली. गुडघे दुखतात म्हणायची.

“ती बाई सारखं काय वढाय लावती गं?”

दीनाने आवाज थांबवला. “खालची जागा, आई. लघवी अडवताना आवळतो ना, तसं आवळायचं. बाळाच्या वजनानं तिथले स्नायू सैल पडतात. ते घट्ट राहिले नाहीत तर पुढं त्रास होतो.”

“कसला तरास?”

“लघवी थांबत नाही. एखादीचं तर अंग बाहेर येतं, गर्भाशयच खाली सरकतं, म्हणाल्या डॉक्टर.”

कडूबाईने मेथीची काडी खुडली. पानं परातीत टाकली, देठ कागदावर. मग दुसरी काडी घेतली.

“माझं येतं,” ती म्हणाली.

खाली रस्त्यावरून भंगारवाला ओरडत गेला. दीनाने मोबाईल बाजूला ठेवला.

“काय येतं?”

“अंग. नॅथनच्या वेळेपासनं.” भाजीत मीठ कमी पडलंय म्हणावं, तसा तिचा आवाज होता. “सव्वा म्हैना झाला नव्हता, तर ज्वारी काढाय गेल्ते. पानी बी डोक्यावरनंच. एक दिवस वाकले, तर हाताला लागलं. आत सारलं. तवापसनं ह्येच चाललंय. कापडाची घडी घालून ऱ्हाते.”

नॅथन, दीनाचा नवरा, या वेळी कंपनीत ड्यूटीवर होता. रविवारी तो आईला स्कूटरवर मागे बसवून चर्चला न्यायचा. गतिरोधक आला की आई घाबरून खांदा आवळते, याचं त्याला हसू यायचं. घरी आल्यावर तो तिची नक्कल करून दाखवायचा आणि दीनाही हसायची.

दीना उठून बसली. आपल्याला आता काहीतरी वाटायला हवं, असं तिच्या मनात आलं. तिने वाट पाहिली. काही वाटलं नाही. हात चटईवर टेकलेले होते, तसेच राहिले.

“कुणाला सांगितलं नाही तुम्ही?”

“सासूला सांगितलं हुतं. ती म्हनली, बाईच्या जातीला असतंय.”

“आणि बाबांना?”

सासऱ्यांचा, गिदोनबाबांचा, फोटो टीव्हीच्या वर लावलेला होता. कडूबाईने तिकडे पाहिलं नाही.

“त्यांना सांगाय तोंड झालं न्हाई. मी आपली लांब लांब ऱ्हायचे. त्यांना वाटलं, मला तेच नको झालेत.” तिने पिवळं पडलेलं एक पान बाजूला काढलं. “मंग ते वट्यावर निजाय लागले. पार शेवटपत्तुर.”

मेथी संपली. कडूबाईने देठांचा कागद गुंडाळला आणि मांडीवर धरून बसली.

“उद्या माझी तपासणी आहे,” दीना म्हणाली. “तुम्ही चला बरोबर. डॉक्टर बाईच आहेत. यावर उपाय असतात, आई.”

“नॅथन असंल का?”

“नाही. आपण दोघी रिक्षानं जाऊ.”

कडूबाई भिंतीला धरून उठली, आत जाऊन हात धुऊन आली. मग दीनाच्या शेजारी चटईवर हळूहळू आडवी झाली. पाठ टेकवली, गुडघे वर घेतले, साडी घोट्यापर्यंत ओढून नीट केली. ती इथे आल्यापासून दीनाने तिला दिवसाउजेडी आडवी झालेली पाहिलीच नव्हती.

“लाव तिला,” ती म्हणाली. “माझ्या नावानं लाव.”

दीनाने नवीन नाव घातलं. ॲपने विचारलं, कितवा महिना? महिन्यांच्या खाली ‘प्रसूती झाली आहे’ असं होतं, ते तिने दाबलं. मग ॲपने विचारलं, प्रसूती होऊन किती काळ झाला? आठवडे होते, महिने होते. सगळ्यांत खाली होतं, ‘एक वर्षाहून जास्त’. नॅथनचे कानांजवळचे केस पिकायला लागले होते. दीनाने तेच दाबलं.

“अभिनंदन!” बाई म्हणाली. “तुमचं बाळ कसं आहे?”

कडूबाईचे डोळे मिटलेले होते.

“बरं हाय म्हन तिला.”