इंदुमतीबाईंचा उकाडा

पेशंटचा त्रास डॉक्टरांनी आधी स्वतः अनुभवायचा, असा नियम झाल्यापासून डॉ. ओजसच्या मनगटावर पेशंटला होणारा त्रास जसाच्या तसा पोचवणारा पट्टा असे. आज त्याचं दुसरं टोक एसटीचालक इंदुमतीबाई माळवदे यांच्या हाताला होतं. पाळी थांबलेली, वय बावन्न. त्या गाडी चालवू शकतील का, हे त्याला ठरवायचं होतं.

अचानक त्याच्या छातीतून आग उसळली. मानेवरून घाम ओघळला, काळीज धडधडू लागलं. तो ताडकन उठला.

"बसा डॉक्टर," इंदुमतीबाई शांतपणे म्हणाल्या. "सावकाश श्वास घ्या, त्याहून सावकाश सोडा."

त्यानं तसं केलं. उकाडा राहिला, भीती मात्र ओसरली.

"असं रोज होतं?"

"चार-पाचदा. पहाटे चालायला लागले, चहा कमी केला, तेव्हापासून कमी झालंय."

"आणि घाटात झालं तर?"

"गाडी कडेला घेते, श्वास घेते, मगच निघते. मागे चाळीस माणसं असतात."

ओजसनं फॉर्मवर 'सक्षम' लिहिलं. मग तो अडखळत म्हणाला, "माझी आई दोन वर्षं उकडतंय म्हणते. मी तिला पंखा लावायला सांगतो. उद्या पहाटे तिला तुमच्याबरोबर चालायला पाठवू?"

"पाठवा. आणि तुम्हीही या."