दापोलीचा डी

“दापोली. मग सात. मग बार्शी,” इरावती फोनवर सांगत होती.

“हळू गं इरू! मी काय विनाथांबा एसटी आहे?” परदेशात डॉक्टरकी शिकणारी ताई हसली.

तिथे निम्मं इंटरनेट बंद होतं, फोन चोरून ऐकले जात. म्हणून ताई नेहमी “मजेत आहे” एवढंच म्हणायची, आणि इरावतीला ते पटत नव्हतं. बंदी चुकवणारं टॉर नावाचं सॉफ्टवेअर ताईकडे होतं. त्यात गुप्त ‘पुलाचा’, म्हणजे बंदीपलीकडे नेणाऱ्या संगणकाचा, पत्ता तेवढा भरायचा होता. दापोलीचा डी, बार्शीचा बी, असं गावाचं पहिलं इंग्रजी अक्षर ताईने घ्यायचं; चोरून ऐकणाऱ्यांना आपली गावं थोडीच कळणार!

अकोला, चिपळूण, पुन्हा बार्शी. डोळे मिटताच इरावतीला वाटलं, ताई एकेका गावावरून तरंगत घरी येतेय.

“झालं!” ताई फोनवर हसतच होती, तेवढ्यात इरावतीच्या स्क्रीनवर टॉरमधून तिचा पहिला निरोप उमटला: “बाबांना सांग, मला इथून घेऊन जा.”