खालच्या काकांची पसंती

काका आले नाहीत.

मालकाने दाराला कान लावला. जिन्यात पावलं नाहीत, खोकला नाही, दारावर थाप नाही. पेशंटच्या नातेवाइकांकडे डॉक्टर पाहतात तसं त्याने गाणं घेऊन आलेल्या मुलीकडे पाहिलं.

"नापास," तो म्हणाला.

मालकाची कंपनी बेस म्युझिक काढायची. म्हणजे कानांना कमी आणि बरगड्यांना जास्त ऐकू येतं, ते संगीत. कंपनी स्वतंत्र होती. स्वतंत्र म्हणजे मालक, मिक्सिंग करणारा बोळा आणि वरच्या मजल्यावरची एक खोली. बोळ्याच्या कानांत सदैव इअरफोनचे बोळे, म्हणून तो बोळा. दारावर पाटी होती, 'आम्ही झोप उडवतो.' आता झोप खरंच उडाली का, हे मोजायचं कसं? मोठ्या कंपन्यांकडे त्यासाठी यंत्रं असतात म्हणे. यांच्याकडे खालचे काका होते.

नवा सिंगल, म्हणजे एकटंच बाजारात येणारं गाणं, तयार झाला की भर दुपारी स्पीकर पूर्ण उघडायचे, थोड्या वेळाने आवाज एकदम बंद करायचा आणि वाट बघायची. काकांनी जिना चढून दारावर थाप मारली, की सिंगल पास. दार मात्र कुणी उघडायचं नाही. काच फोडलेल्या पोरांसारखं श्वास रोखून बसायचं आणि काका खाली गेले की एकमेकांना टाळ्या द्यायच्या. जिन्यात गाठ पडलीच तर मालक बंद फोन कानाला लावून निसटायचा. आजवर त्यांचा एकही सिंगल नापास झाला नव्हता.

तिचा हा पहिलाच. ती दातांच्या दवाखान्यात फोन घ्यायची आणि उरलेल्या वेळात हे करायची. तिच्या आईला या संगीतातलं ओ की ठो कळत नव्हतं. तरी तिने मावशीपासून शिंप्यापर्यंत सगळ्यांना सांगून ठेवलं होतं, की येत्या शुक्रवारी आमच्या मुलीचं गाणं येतंय.

मालकाला म्हणे आधीपासूनच शंका होती. गाणं कसं, मधे दचकून थांबायला हवं, ऐकणाऱ्याचा जीव टांगणीला लागायला हवा आणि मग धाडकन कोसळायला हवं. हिचं आपलं सुरुवातीपासून शेवटपर्यंत एका लयीत घुमतंय. तेव्हा मूळ गाणं रद्द. शुक्रवारी फक्त त्याचे तीन रीमिक्स काढायचे. ते तीन मोठ्या नावांनी केले होते. नावं मोठी असल्याचा पुरावा म्हणजे तिघांनीही ईमेलला उत्तर द्यायला महिने लावले होते. तिचं नाव खाली येईल, बारीक अक्षरात : 'मूळ कल्पना'.

मग यात माझं उरलं काय, असं तिने विचारलं. धंद्यात एवढं हळवं होऊन चालत नाही, असं मालक म्हणाला आणि तिच्यादेखत त्याने शुक्रवारच्या रिलीजमधून तिचं गाणं उडवलंसुद्धा. तिला रडू आलं नाही. संताप आला. आईला काय सांगायचं, एवढंच तिच्या डोक्यात फिरत होतं.

बोळ्याने पहिला रीमिक्स लावला. तिचं गाणं त्यात कुठेतरी होतं. कुठे, ते फक्त तिलाच ओळखू येत होतं. एक मिनिटही झालं नसेल, तोच दारावर थाप पडली.

मालकाने दोन्ही मुठी हवेत उडवल्या. याला म्हणतात बेस! बोळ्याने झटकन आवाज बंद केला. दोघे श्वास रोखून बसले. ती मात्र उठली. मालकाने ओठांवर बोट ठेवलं, मग हातवारे केले, मग डोळे वटारले. तिने दार उघडलं.

दारात काका उभे होते. अंगात बनियन, पायात काही नाही, गालावर उशीचा वळ. त्यांना धाप लागली होती. माफी मालकाला तोंडपाठ होती, त्याने ती सुरूही केली. काकांनी हात वर करून त्याला थांबवलं.

"ते आधीचं बंद का केलंत?"

मालकाला आधी कळेचना. मग काकांनी सगळंच सांगितलं. जन्म जहाजावर गेला. झोपायची खोली इंजिनाच्या अगदी वर. इंजिन घुमतंय तोवर झोप. ते थांबलं की माणूस ताडकन उठून पळतो, कारण थांबलं म्हणजे काहीतरी भलतं झालं. घरी आल्यापासून या शांततेत डोळ्याला डोळा लागत नाही. दुपारी वर तुमचं काहीतरी घुमायला लागतं, जरा डुलकी लागते, तोच तुम्ही ते मधेच बंद पाडता. दर वेळी हे दुखरे गुडघे घेऊन तेच सांगायला येतो, तर दार उघडत नाही कुणी. आज तर इतका गाढ झोपलो होतो, की जाग यायलाच वेळ लागला.

मालक भिंतीला टेकला. आजवर पास झालेले सगळे सिंगल त्याच्या डोळ्यांसमोरून गेले असावेत.

"कुणाचं होतं ते?" काकांनी विचारलं.

"माझं," ती म्हणाली.

तिने काकांना आत बसवलं. खोलीत धड खुर्ची एकच, मालकाची. तिने गाणं पहिल्यापासून लावलं. थोड्याच वेळात काकांची मान कलली. मग तिने माऊस स्वतःकडे ओढला, शुक्रवारच्या रिलीजमध्ये आपलं गाणं परत घातलं, तिन्ही रीमिक्सच्या वर, आणि नाव मोठ्या अक्षरात टाकलं. मालकाला ओरडायचं होतं. निदान ते गाणं तरी बंद करायचं होतं. पण त्याचा परीक्षक त्याच्याच खुर्चीत घोरत होता.