पोटावर उतरलेलं विमान

"चाकांचा दांडा मी खाली केला होता. चाकंच आली नाहीत. मिस्त्रीला विचारा," वैमानिकाने तिसऱ्यांदा सांगितलं आणि बिस्किट चहात बुडवलं.

मिस्त्रीला त्याच्या तोंडाकडे बघवेना. काल दुपारी या माणसाने चाकं न उघडता विमान पोटावर उतरवलं होतं. मागे बसलेला सख्खा मेहुणा कंबर मोडून दवाखान्यात पडला होता, आणि हा इथे बिस्किटं खात दुसऱ्याच्या माथी खापर फोडत होता. मंगळवारी चाकांची दुरुस्ती मिस्त्रीनेच केली होती. त्यात खोट निघाली तर बावीस वर्षांचा परवाना जाणार होता.

तपासाला आलेल्या बाई कमी बोलणाऱ्या. "अपघातानंतर विमानाजवळ कोण होतं?"

"सगळे दवाखान्यात धावले. मी इथून हललो नाही, कुणाला फिरकूही दिलं नाही," मिस्त्री म्हणाला.

विमान जॅकवर चढवलं. बाईंनी दांडा खाली केला. तिन्ही चाकं मुकाट बाहेर आली.

वैमानिकाने कप खाली ठेवला. "विसरलो असेन. उन्हाने डोळे दिपले होते. पण भोंगा वाजला नाही, मॅडम. वाजला असता तर चाकं काढली नसती का?"

चाकं आत असताना इंजिन मंद केलं की भोंगा वाजतो. बाईंनी चाकं आत घेतली, इंजिनचा थ्रॉटल मागे ओढला. भोंगा असा बोंबलला की छपरावरची कबुतरं उडाली.

"आईशपथ, काल वाजला नव्हता."

कुणी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मिस्त्रीला शिसारी आली. माणसाने किती घसरावं?

बाईंनी कामाची वही चाळली. काढलेल्या प्रत्येक भागाची लाल चिठ्ठी तिथे चिकटवलेली होती. 'काढला', 'बसवला', दोन्हींपुढे तारखा.

"तुमची शिस्त ऐकून होते," बाई म्हणाल्या आणि अहवालात लिहिलं: चूक वैमानिकाची.

मिस्त्री घरी पोचला तेव्हा बायको धुणं भिजवत होती. "तो शर्ट द्या. आठवडाभर तोच अंगात आहे. खिशात काही नाही ना?"

"थांब."

त्याने खिशातून लाल चिठ्ठी काढली. वर त्याचंच वळणदार अक्षर होतं: भोंग्याचा फ्यूज. 'काढला'पुढे मंगळवारची तारीख होती. 'बसवला'पुढची जागा कोरी होती. तिथे कालची तारीख घालणं त्याला परवडण्यासारखं नव्हतं.