होडीचे डोळे

करवत फळीला लागणार, तोच मोरेश्वर नाखवा आडवा आला. "थांब रे! आधी तिचे डोळे मिटवू दे."

ही होडी पहिल्यांदा पाण्यात लोटली, त्या दिवशी तिच्या तोंडाशी दोन्ही अंगांना त्यानेच डोळे काढले होते. वाट तिने बघायची, आपण नुसतं सुकाणू धरायचं, असं तो बायकोला ऐटीत सांगायचा. आता भराव पडून मुंबईतल्या या खाडीचं तोंडच बुजलं होतं. बघायला वाट राहिली नव्हती.

काळ्या रंगात ब्रश बुडवून त्याने एकेक डोळा मिटवला, तान्ह्याला निजवावं तसा. "काप आता," म्हणाला, आणि डब्याचं झाकण शोधू लागला.

"झाकण नको लावू, नाखवा," शेजारचा धर्मा मागून म्हणाला. "उद्या माझी होडी फोडायची हाय."