गोल काही होईना

"कट!" दिग्दर्शक अकराव्यांदा ओरडला. पटकथेप्रमाणे शेवटच्या मिनिटाला हीरोने गोल मारायचा होता, आणि गोलकीपर निकानोर तो प्रत्येक वेळी अडवत होता.

सेन्योर एवारिस्तो तरातरा मैदानात आले. सिनेमा त्यांचा, फुटबॉलचा क्लब त्यांचा, आणि अर्ध्या मेक्सिकोला अंघोळ घालणारा साबणाचा कारखानाही त्यांचाच. सतरा वर्षांपूर्वी त्याच कारखान्यात, सरकत्या पट्ट्यावरून निसटलेली साबणाची ओली वडी निकानोरने हवेतच झेललेली त्यांनी पाहिली होती. दुसऱ्याच दिवशी त्याला गोलपोस्टमध्ये उभं केलं होतं.

"अरे बाबा, खोटी मॅच आहे ही! जाऊ दे की एक चेंडू!"

"जाऊ द्यायचा असं ठरवूनच उभा राहतो, मालक," निकानोर ओशाळून म्हणाला, "पण हात ऐकत नाहीत."

"कसे ऐकत नाहीत, बघतोच!" सेन्योरनी कोट काढून हीरोच्या हातात कोंबला, चेंडू स्वतः मांडला आणि जीव खाऊन किक मारली. चेंडू थेट वरच्या कोपऱ्याकडे सुटला. चाळिशीचा निकानोर जमीन सोडून आडवा उडाला, आणि चेंडू त्याच्या पंजात अलगद येऊन बसला, त्या ओल्या वडीसारखा.

सेन्योर कितीतरी वेळ लहान मुलासारखे आ वासून बघत राहिले. मग त्यांनी हीरोकडून आपला कोट परत घेतला.

"शेवट मिळाला," ते दिग्दर्शकाला म्हणाले, "आता फक्त हीरो बदला."