राब

हिरामणची सगळी भातखाचरं वडपे गावातल्या गोदामांखाली गेली होती. उरला होता फक्त कोपऱ्यातला तुकडा, जिथं तो दरवर्षी लावणीसाठी भाताची रोपं करायचा. यंदाही उन्हाळा सरताना त्यानं तिथं शेण, पाला, गवत पसरून राब भाजला. धूर गोदामात शिरला आणि वॉचमननं हिरामणच्या मुलाला, हितेशला फोन लावला.

हितेश लेकीचं नर्सरीचं ॲडमिशन करून परतत होता, तो तसाच गाडी वळवून आला. मागच्या सीटवर छोटी मृणाली शाळेची नवी बॅग मांडीवर घेऊन बसली होती.

"बाबा, गोदामवाले तक्रार करतायत. आणि रोपं करून तू लावणार कुठं? एक तरी खाचर उरलंय का आपलं?"

"न्हाय."

"मग कशाला हा उद्योग?"

हिरामणनं काठीनं राख सारखी केली. काचेआडून नात हात हलवत होती, त्यानंही हलवला.

"हिला नर्सरीत घालून आलास ना? मोठी होऊन कुठं नोकरीला लागंल, ते बघूनच आलास काय?"